परान्न

परदेशाहून परतलेल्या माणसास "काय काय पाहिलेंत?" असें सारे विचारतात, "काय काय खाल्लेंत?" असें विचारणारा विरळा. पाहण्यानें माणूस बहुश्रुत होतो आणि खाण्यानें नुसता लठ्ठ होतो, अशी आम्हां सुशिक्षितांची समजूत असावी. आमच्या प्रवासवर्णनांतहि हाच न्याय चालतो. राजवाडे, बागा, पुतळे आणि संग्रहालयें यांना पानेंच्या पानें मिळतात. जेवणाचा उल्लेख आलाच तर तो बहुधा तक्रारीच्या रूपानें येतो. मला हा न्याय उलटा वाटतो. पाहिलेली वस्तु कितीहि सुंदर असली तरी ती आपल्यापासून चार हात दूरच राहते. खाल्लेली वस्तु रक्तांत मिसळते. आमच्या पूर्वजांना हें चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच काय पाहावें यावर त्यांनीं फारसे निर्बंध घातले नाहींत; कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या पंक्तीस बसून खावें, यावर मात्र सारें धर्मशास्त्र पणास लावलें.

'परान्न' हा शब्दच पाहा. परधन आणि परान्न यांचीं नांवें एकाच दमांत घ्यावयाचीं आणि दोहोंपासून सारखेंच दूर राहावयाचें, असें वळण ज्या घरांत होतें, त्या घरांत मी वाढलों. आमचें घर कोंकणांतलें, मासे खाणारें. तरी माझे आजोबा प्रवासांत बाहेरच्या पाण्याचा थेंबहि घेत नसत. पितळेचा फिरकीचा तांब्या आणि दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, एवढ्या बळावर ते काशीयात्रा करून आले होते. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी तो चहा घेतला, कोणी घेतला नाहीं. परंतु हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्या माणसांसहि पेलाभर चहापायीं प्रायश्चित्ताच्या भानगडींत पडावें लागलें. चहा तोच, साखर तीच. देणारा हात तेवढा परका!

हें सारें आज आठवण्याचें कारण असें कीं, मागील वर्षीं मी व माझी पत्नी माझ्या पुतण्याकडे सिंगापूरला आठ-दहा दिवस राहून आलों. तेथें आम्हीं पुष्कळ पाहिलें. परंतु सांगण्यासारखें जें कांहीं मजजवळ उरलें आहे, तें सारें खाल्लेलेंच आहे. आणि तें अगदीं शब्दशः परान्न होतें.

सिंगापूरचा सामान्य माणूस जेथें जेवतो त्या जागेस 'हॉकर सेंटर' म्हणतात. हॉकर म्हणजे फेरीवाला. चहूं बाजूंनीं मोकळी, वर छप्पर असलेली आणि पंखे फिरत असलेली एखादी मोठी मंडई डोळ्यांपुढें आणा. कडेनें लहान लहान गाळ्यांच्या रांगा; मध्यें जमिनींत घट्ट बसविलेलीं टेबलें आणि स्टुलें. गाळा एवढासा, कीं आंत दोन माणसें जेमतेम उभीं राहतील. आणि त्या गाळ्यांत बहुधा एकच पदार्थ, फार तर त्याचीं दोन-तीन भावंडें. एकानें आयुष्यभर कोंबडीभात करावा, दुसऱ्यानें आयुष्यभर शेवया परताव्या, तिसऱ्यानें नुसती कॉफी गाळावी. अशीं शंभराहून अधिक केंद्रें त्या चिमुकल्या बेटावर आहेत, आणि चार-सहा सिंगापुरी डॉलरांत तेथें एका माणसाचें पोट भरतें.

हे विक्रेते पूर्वीं रस्त्यावरच होते. खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोंकास पेटती शेगडी आणि दुसऱ्या टोंकास भांडीं, अशा थाटांत ते गल्लोगल्ली हिंडत. पाण्याची सोय नव्हती. खरकटें गटारांत जाई. रस्ते अडत आणि रोगराई पसरे. १९६८-६९ मध्यें सरकारनें या सर्वांची नोंद करून त्यांना परवाने दिले, आणि १९७१ पासून १९८६ पर्यंत त्यांना हळूहळू रस्त्यांवरून उचलून छपराखालीं आणलें. पुष्कळांना हें हलणें जिवावर आलें असेल. परंतु हांकलून देणें आणि हलविणें यांत एक भेद असतो, आणि तो भेद नळ, मोरी आणि ओटा यांचा असतो. पालिकेची गाडी आली कीं चूल-भांडीं घेऊन पळणारे आमच्या शहरांतले विक्रेते ज्यानें पाहिले असतील, त्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत युनेस्कोनें सिंगापूरच्या या हॉकर-संस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. एके काळीं जी शहराची अडगळ म्हणून गणली जाई, तीच त्याची शोभा ठरली.

आमचा पुतण्या आम्हांला पहिल्या सकाळीं अशाच एका केंद्रांत घेऊन गेला. शिरतांच त्यानें खिशांतून कागदी रुमालांची एक पुडी काढली आणि एका रिकाम्या टेबलावर टाकली. "काका, जागा धरली," तो म्हणाला. या विधीस तेथें 'चोप' म्हणतात. ती दिडकीची पुडी टेबलावर पडली कीं तें टेबल तुमचें झालें. कोणी तिकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. एस्. टी. च्या खिडकींतून रुमाल टाकून जागा धरण्यांत ज्याची हयात गेली, त्या महाराष्ट्रीयास या ठिकाणीं एकदम घरीं आल्यासारखें वाटतें. फरक इतकाच कीं, आमच्याकडे रुमालानंतर भांडण सुरू होतें, आणि तेथें जेवण.

सकाळचें तेथलें खाणें म्हणजे 'काया टोस्ट'. काया हा एक मुरंबाच म्हणावयाचा: अंडीं, साखर आणि नारळाचें दूध हीं मंद आंचेवर तासन् तास ढवळून आटवावयाचीं, आणि केवड्याच्या कुळांतल्या पांदान नांवाच्या हिरव्या पानाचा वास त्यांस लावावयाचा. निखाऱ्यावर भाजलेल्या पावाच्या पातळ चकत्यांमध्यें हा काया आणि लोण्याची थंड कापटी घालून देतात. सोबत बशींत दोन अर्धवट उकडलेलीं अंडीं. त्यांवर सोयाबीनचा काळा रस आणि पांढऱ्या मिऱ्यांची पूड. पाव इंग्रजांचा, नारळ मलायाचा, सोयाबीन चीनचा; आणि ही सांगड घालणारे हात हैनान बेटावरच्या चिनी लोकांचे. हे लोक सिंगापुरांत इतर चिन्यांच्या मानानें उशिरां आले. तोंवर व्यापारउदीम दुसऱ्यांनीं व्यापला होता. म्हणून यांच्या वाट्यास इंग्रजांच्या घरांतल्या आणि जहाजांवरच्या स्वयंपाकाचीं कामें आलीं. धन्याच्या टेबलावरचें त्यांनीं पाहिलें, आणि पुढें स्वतःचीं दुकानें थाटून तें सर्वांच्या टेबलावर आणलें.

त्याच दिवशीं दुपारीं आम्हीं तेथलें सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल पाहिलें. १८५६ ते १८६१ या काळांत हिंदुस्थानांतून पाठविलेल्या बंदिवानांनीं तें बांधलें. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांतले कैदी १८२५ पासून सिंगापुरांत येत होते, आणि त्या शहराचे कितीक रस्ते व इमारती त्यांच्या घामानें उभ्या आहेत. या देवळाच्या आंतल्या भिंतींना जो शुभ्र गिलावा आहे, त्यांत शिंपल्यांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक आणि साखर घोटली असून, नारळाचीं सोडणें भिजविलेलें पाणी त्यांत मिसळलें आहे. मी भिंतीवर हात ठेवला आणि मला सकाळची न्याहारी आठवली. अंडीं, साखर आणि नारळ! एकानें त्यांचा मुरंबा केला, दुसऱ्यानें भिंत केली. आणि दोघेहि त्या भूमीस परकेच होते.

कॉफी मागविणें ही त्या देशांतली एक स्वतंत्र विद्या आहे. कॉफीस 'कोपी' म्हणावयाचें. नुसतें 'कोपी' म्हटलें तर घट्ट गोड दूध घातलेली कॉफी येते. 'ओ' म्हटलें कीं दूध गेलें; हा ओ चिनी होक्कियेन बोलींतला, अर्थ काळा. 'कोसोंग' म्हटलें कीं साखरहि गेली. हा शब्द मलय, अर्थ रिकामें किंवा शून्य. 'पेंग' म्हटलें कीं बर्फ आला. तो पुन्हां होक्कियेन. "कोपी ओ कोसोंग पेंग" एवढी मागणी करणारा तामिळ मजूर एका दमांत दोन परक्या भाषा बोलून जातो, आणि त्याला त्याची जाणीवहि नसते. चहाच्या बाबतींत दक्षिणेकडील मुसलमानांनीं आपली छाप ठेवली आहे. एका पेल्यांतून दुसऱ्या पेल्यांत उंचावरून ओतून फेंस आणलेल्या चहास 'ते तारिक' म्हणतात. तारिक म्हणजे ओढलेला. आमच्याकडचा 'अमृततुल्य'वाला असता तर त्यानें त्या चहावाल्याशीं एका शब्दाशिवाय मैत्री केली असती.

दुपारच्या जेवणांत पहिला मान कोंबडीभाताचा. हाहि हैनानी लोकांचाच. मूळ पदार्थ त्यांच्या बेटावरच्या वेन्चांग गांवच्या कोंबडीचा; परंतु सिंगापुरांत येऊन त्याचें रूप पालटलें. अख्खी कोंबडी जेमतेम हलणाऱ्या पाण्यांत शिजवितात, मग थंड पाण्यांत बुडवितात, म्हणजे कातडी मऊ व चकचकीत राहते. खरी कसोटी भाताची. तांदूळ कोंबडीच्या चरबींत आलें-लसणीबरोबर परतून, त्याच कोंबडीच्या पाण्यांत शिजवावयाचा. ताट पुढें आलें कीं प्रथम दिसतें तें पांढरें, फिकें, रुग्णालयांतल्या पथ्यासारखें अन्न. मनांत म्हणावें, एवढ्यासाठीं ही रांग? मग भाताचा घांस तोंडांत जातो, आणि रांगेचें कारण कळतें. बाजूस मिरचीची आंबट चटणी, वाटलेलें आलें आणि दाट काळा सोया असतोच. ज्याला रंग हवा असेल त्यानें आपला आपण भरून घ्यावा.

'लक्सा' हा पदार्थ पेरानाकान लोकांचा. मलय मुलखांत येऊन राहिलेले चिनी व्यापारी आणि तेथल्या स्त्रिया यांच्या संसारांतून हा समाज निर्माण झाला. त्यांतल्या पुरुषांस 'बाबा' व स्त्रियांस 'न्योन्या' म्हणतात. नवऱ्याच्या शेवया आणि बायकोचें नारळाचें दूध, असें या आमटीचें सरळ कुलवृत्त आहे. वर तिखट वाटण, सुक्या कोळंबीचा दरवळ आणि एक विशिष्ट उग्र पाला. काटोंग भागांतल्या रीतीप्रमाणें शेवया आधींच कापून लहान केलेल्या असतात. काड्यांची कसरत न करतां नुसत्या चमच्यानें खाव्या. लक्सा हें नांव संस्कृत 'लक्ष'वरून, म्हणजे लाखों शेवयांवरून आलें, असेंहि एक मत आहे. पंडितांत त्याविषयीं वाद आहे. मराठी माणसानें हेंच मत पत्करण्यास माझी हरकत नाहीं.

संध्याकाळीं 'लाउ पा सात' येथें जावें. १८९४ सालची ही अष्टकोनी बिडाची मंडई भोंवतालच्या गगनचुंबी पेढ्यांमध्यें एखाद्या आजीबाईसारखी बसली आहे. अंधार पडला कीं तिच्या बाजूचा रस्ता वाहनांना बंद होतो, कोळसे पेटतात आणि साते भाजण्यास सुरुवात होते. बांबूच्या काडीवर ओवलेले मांसाचे लहान तुकडे, सोबत शेंगदाण्याची गोडसर तिखट चटणी, काकडी, कांदा आणि केटुपाट नांवाचा दाबलेला भात. हा पदार्थ मलय आणि जावानी लोकांचा. शेंगदाण्याच्या चटणीशीं आमची ओळख जुनी. पण ती इतकी पातळ, इतकी उदार आणि मांसाच्या पंक्तीस बसलेली मीं प्रथमच पाहिली.

आणि आमचे लोक? त्यांनीं तेथें काय नेलें? दक्षिणेकडून गेलेल्या मंडळींनीं परोटा नेला. तेथें त्याचा 'प्राटा' झाला. पिठाचा गोळा हवेंत भिरकावीत त्याची पातळ चादर करणारा कारागीर पाहण्यासाठींच निम्मी गर्दी जमते. सुलतान मशिदीसमोरच्या रस्त्यावर १९०८ पासून चालू असलेल्या एका खाणावळींत मुर्ताबाक मिळतो. अंडें, कांदा आणि खिमा पोटांत घेऊन चौकोनी घडी घातलेला हा रोट नांवानें अरबी आहे, हातानें भारतीय आहे. 'इंडियन रोजाक' नांवाचा एक पदार्थ आहे: तऱ्हेतऱ्हेचीं भजीं, बटाटे, अंडें आणि टोफू यांचे तुकडे, सोबत लाल गोडसर तिखट रस. त्याच्या नांवांत इंडिया आहे. पण इंडियांत तो मीं कोठेंहि पाहिला नाहीं. माशाच्या डोक्याच्या आमटीची कथा तर सर्वांत मौजेची. केरळांतून गेलेल्या गोमेझ नांवाच्या एका खाणावळवाल्यानें १९४९ च्या सुमारास पाहिलें कीं, चिनी गिऱ्हाइकांचा जीव माशाच्या डोक्यावर आहे. त्यानें अख्खें डोकें आपल्या मल्याळी आमटींत सोडलें. आज ती आमटी सिंगापूरची म्हणून ओळखली जाते. १९५६ सालीं चेर याम तियान नांवाच्या गृहिणीनें नवऱ्याच्या आग्रहावरून खेंकड्यास टोमॅटो आणि मिरची लावून पाहिली, आणि कालांग नदीकांठच्या हातगाडीवरून तो विकूं लागली. तोच आजचा 'चिली क्रॅब'. तो रस तळलेल्या गोड पावानें पुसून खावयाचा असतो. शुभ्र सदरा घालून मात्र बसूं नये.

या पदार्थांची मी जसजशी ओळख करून घेऊं लागलों, तसतशी 'परान्न' या शब्दाची धारच बोथट होत चालली. यांपैकीं कोणतें अन्न कोणाचें? जो तो दुसऱ्याच्या चुलींतला निखारा आणून आपली चूल पेटवीत होता. पर कोण आणि स्व कोण हें सांगण्यास येथें शंकराचार्यहि गोंधळले असते.

परंतु यावरून कोणी असें समजूं नये कीं, तेथें सर्वजण सर्व कांहीं खातात, आणि खाण्यापिण्याचे निर्बंध पाळणारे आम्हीच तेवढे मागासलेले. मला अचंबा वाटला तो नेमका उलट गोष्टीचा. त्या छपराखालीं जितके निर्बंध एकत्र नांदतात तितके आमच्या कोणत्याहि पंक्तींत नसतील. मुसलमानास डुक्कर वर्ज्य, हिंदूस गाय वर्ज्य, बौद्धास कांहीं दिवशीं मांस वर्ज्य. मलय गाळ्यावर 'हलाल'ची पाटी असते. खरकटीं ताटें परत ठेवण्याच्या जागाहि हलाल आणि इतर अशा निराळ्या असतात. कोणीहि आपला नेम सोडलेला नाहीं. सोडली आहे ती फक्त एक गोष्ट: समोरच्याच्या ताटाकडे रागानें पाहण्याची संवय.

येथें घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी पत्नी देशस्थ घरांतली, जन्माची शाकाहारी. आमच्या विवाहास अठ्ठावीस वर्षें झालीं. घरांत मासा आणावयाचा नाहीं, असें ती कधीं म्हणाली नाहीं. आणावा असें मीहि कधीं म्हणालों नाहीं. माझ्या जिभेची सोय माझ्या बहिणीच्या घरीं किंवा एखाद्या खाणावळींत होते, आणि त्या दिवशीं ती घरीं एकटी जेवते. यावरून आमचें भांडण झाल्याचें स्मरत नाहीं. परंतु हिशेब केला तर असें दिसतें कीं, या अठ्ठावीस वर्षांत ज्या ज्या वेळीं मी खऱ्या आवडीचें जेवलों, त्या त्या वेळीं ती समोर नव्हती.

पुतण्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरांत एका संध्याकाळीं मीं केळीच्या पानावर भाजलेला पाकट घेतला. वर तिखट सांबालाचा जाड लेप, बाजूस लिंबू. कोंकणांत पाकटास फारशी प्रतिष्ठा नाहीं. तेथें तो राजासारखा आला. माझ्या पत्नीनें चिनी शाकाहारी गाळ्यावरून तांदळाच्या शेवया आणल्या. वर कोबी, अळंबी आणि तळलेल्या टोफूच्या पट्ट्या. त्या गाळ्यावर त्या दिवशीं इतर दिवसांपेक्षां मोठी रांग होती. दुसरें टेबल रिकामें नव्हतें; तेव्हां आमच्यासमोर एक वृद्ध चिनी बाई मान लववून बसल्या, आणि पलीकडे एक मलय जोडपें नारळाच्या दुधांतला भात घेऊन बसलें.

त्या बाईंच्या ताटांतहि शेवयाच होत्या. माझ्या पत्नीच्या ताटाकडे बोट दाखवून त्या हंसल्या आणि मोडक्या इंग्रजींत म्हणाल्या, "आज पंधरावा दिवस. मांस नाहीं." माझी पत्नी क्षणभर घुटमळली, मग मजकडे वळून म्हणाली, "अहो, आज पौर्णिमा नाहीं का! त्या पौर्णिमा करताहेत." मग दोघींचें जें सुरू झालें त्यांत भाषेचा उपयोग फारच थोडा होता. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीं मांस वर्ज्य, आणि नेमाच्या स्वयंपाकांत कांदा-लसूणहि चालत नाहीं, हें कळल्यावर तर माझ्या पत्नीस आपली चातुर्मास पाळणारी आत्याच भेटल्यासारखें झालें. आमचा चातुर्मास किती महिन्यांचा, हें तिनें चार बोटें दाखवून सांगितलें. बाईंनीं कपाळास हात लावला. पलीकडची मलय मुलगी हें पाहून हंसली. मी माझा पाकट खात होतों. त्या टेबलावर चार धर्मशास्त्रें जेवीत होतीं, आणि कोणाचाहि विटाळ कोणास झाला नाहीं.

आमच्याकडे सहभोजनाची चळवळ झाली, आणि ज्यांनीं ती केली त्यांचे उपकार मोठे आहेत. जातीनें निराळे बसविलेल्यांना एका पंक्तींत बसविण्यासाठीं त्यांना सर्वांपुढें एकच झुणका-भाकर ठेवावी लागली; कारण तेथें प्रश्न माणसाच्या स्पर्शाचा होता. जातीच्या नांवानें पाळलेला विटाळ आणि जिभेचा वा व्रताचा नेम या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली टाकलीच पाहिजे. दुसरी ज्याची त्यानें ठेवावी. सिंगापूरच्या टेबलानें मला या दोहोंमधली रेषा दाखविली. सर्वांनीं एकच खाल्लें तरच एकत्र बसतां येतें, असें नाहीं.

या टेबलाचा मी देव्हारा करीत नाहीं. १९६४ च्या जुलैंत आणि सप्टेंबरांत याच शहरांत चिनी आणि मलय यांच्या दंगली होऊन माणसें मेलीं. शहाणपण तेथल्या मातींतून उगवलें नाहीं. तें रक्त पाहिल्यावर आलें, आणि कायद्यानें जोपासावें लागलें. सरकारी इमारतींत एकाच वंशाची वस्ती दाटूं नये म्हणून १९८९ पासून प्रमाण ठरवून दिलेलें आहे. तरीहि कुरबुर होतेच. चीनमधून नव्यानें आलेल्या एका कुटुंबास शेजारच्या भारतीय घरांतल्या रश्श्याचा वास सोसेना. मध्यस्थी झाली, आणि शेजारी घरीं नसतील तेव्हांच रस्सा करावा, असें ठरलें. ही हकीकत २०११ च्या ऑगस्टांत बाहेर येतांच लोक चिडले. त्यांनीं मोर्चा काढला नाहीं. २१ ऑगस्टला चिनी, मलय, भारतीय अशा असंख्य घरांनीं मुद्दाम रस्सा शिजविला आणि शेजाऱ्यांना जेवावयास बोलाविलें. तडजोडीनें जो वास दडपला होता तो साऱ्या शहरानें आपलासा केला. माशांच्या वासापायीं घर नाकारणाऱ्या सोसायट्या आमच्या मुंबईंत आहेत. त्यांच्या बाबतींत असें कांहीं घडल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

दुसरी चिंता त्या गाळ्यांतल्या माणसांची. त्यांचें सरासरी वय साठीच्या घरांत आहे. पहांटे उठून हाडें उकळावयाचीं, दिवसभर त्या आंचेजवळ उभें राहावयाचें, आणि पदार्थाची किंमत आठ आण्यांनीं वाढविली तरी गिऱ्हाइकाचें तोंड वांकडें पाहावयाचें. २०१६ सालीं अशा दोन गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला. रस्त्यावरच्या अन्नास तो मान त्यापूर्वीं कधीं मिळाला नव्हता. पण ताऱ्याच्या उजेडांत मुलांना बापाची शेगडी अधिकच तापलेली दिसली असावी. आईबापांनीं ज्या कमाईवर त्यांना शिकविलें, त्या शिक्षणानेंच त्यांना कचेऱ्यांत नेलें. ही कथा आम्हांस नवी नाहीं. आमच्या किती खाणावळींच्या पाट्या अशाच उतरल्या! युनेस्कोची सनद भिंतीवर लावतां येते, तव्यावर घालतां येत नाहीं. आणि तो तवा थंड झाला तर पदार्थ कदाचित् मोठ्या हॉटेलांत दसपट दामानें मिळत राहील. पण चार धर्मशास्त्रांचें तें टेबल तेथें असणार नाहीं. तें टेबल स्वस्त होतें म्हणूनच सर्वांचें होतें.

म्हणून जो कोणी तिकडे जाणार असेल त्यास मी एवढेंच सांगेन कीं, जावें आणि लवकर जावें. चिवडा आणि लाडू न्यावयास हरकत नाहीं, पण ते पुतण्यास द्यावे. शाकाहारी माणसानें बिचकूं नये. सेरांगून रस्त्यावर १९४७ पासून चालू असलेलें 'कोमला विलास' आहे, त्याहूनहि जुनें, १९२४ चें 'आनंद भवन' आहे, आणि चिनी शाकाहारी गाळे तर जागोजाग आहेत. फक्त एक करावें: उपाहारगृहाच्या कोपऱ्यांत आपल्याच मंडळींत न बसतां एकदां तरी परक्या माणसासमोर बसून जेवावें.

परत आल्यावर महिन्याभरानें एका रविवारीं माझी पत्नी सहज म्हणाली, "आज वन्संकडे जेवायला जाऊं नका. डबाच आणा कीं इकडे." मीं तिच्याकडे पाहिलें. "तुमचें ताट निराळें ठेवूं," ती म्हणाली, "घांसायचें मात्र तुम्ही." मीं बहिणीकडून बांगड्याचें तिखलें आणलें. एका टेबलावर आम्ही दोघें बसलों. तिच्यापुढें वरणभात, माझ्यापुढें मासा. ती तिच्या आत्याच्या उपासांविषयीं कांहीं सांगत होती. मधेंच मीं विचारलें, "वास येतो का?"

"येतो कीं," ती म्हणाली, आणि तिनें आणखी भात वाढून घेतला.